एसडब्ल्यूएस या जपानी रेसलिंग कंपनीचे जुने शो पूर्ण कुठे बघायला मिळतील? मदत हवी आहे

मंडळी, जपानी रेसलिंग बघणारं कोणी आहे का इथे? १९९० मधे तेनर्यू या स्टार रेसलरने ऑल जपान ही मोठी रेसलिंग कंपनी सोडली आणि मेगाने सुपर या चष्मेवाल्या कंपनीच्या पैशावर एसडब्ल्यूएस उभी राहिली, अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूएफशी (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) टायअप, टोकियो डोममधे हल्क होगनच्या मॅच वगैरे सगळं झालं पण रेसलर्सचे सुमोतल्या आखाड्यांसारखे तीन गट पाडले आणि त्यांच्यातच भांडणं लागली, १९९२ मधे दुकान बंद. फार वाईट वाटतं हो, तेनर्यूने जीव ओतला होता. मला १ एप्रिल १९९१ चा कोबेचा शो हवाय, किताओ विरुद्ध अर्थक्वेक या रेसलर्सच्या मॅचवाला, क्लिप नको पूर्ण शो पाहिजे. आणि गटांच्या भांडणाबद्दल नीट माहिती कुठे वाचता येईल तेही सांगा प्लीज