जागृतीचा उगम एकच नव्हे

पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणारी पेंटेकोस्टल ही ख्रिस्ती श्रद्धा अमेरिकेतून जगभर गेली, हे मत मला अपुरे वाटते. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर कृष्णवर्णीय उपदेशक विल्यम सेमूर लाकडी खोक्यांच्या व्यासपीठामागे प्रार्थना करीत आणि वर्णभेदाच्या त्या काळात काळे-गोरे शेजारी-शेजारी गुडघे टेकत, याचे मोल मोठेच आहे. परंतु आदल्याच वर्षी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे पुण्याजवळच्या केडगाव येथील निराधार स्त्रिया-मुलींच्या आश्रमात, मुली एकाच वेळी मोठ्याने, रडत प्रार्थना करीत होत्या. तेथील अमेरिकन मिशनरी मिनी अब्रम्स यांची त्याविषयीची पुस्तिका चिलीत हूवर या मिशनरी दांपत्याच्या हाती पडली आणि १९०९ मध्ये तेथील वालपराइसो शहराच्या मेथडिस्ट मंडळीत (चर्चमध्ये) अशीच धार्मिक जागृती झाली. अनाथ मुलींचा हा वाटा तळटीपेपुरता उरावा, याचे मनापासून दुःख होते. आजही हा प्रवाह एकाच दिशेचा नाही: आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील मंडळ्याच युरोपात सुवार्तिक, म्हणजे धर्मप्रचारक, पाठवत आहेत.