द्राक्षबागेला लागून असलेल्या गव्हात चाकवतासाठी कोणते तणनाशक वापरावे?

प्रश्न (निफाड)
नमस्कार. काळ्या जमिनीतील माझ्या एक एकर गव्हाला चार आठवडे होत आले आहेत. पहिल्या पाण्यानंतर चाकवत व चांदवेल (वेलीसारखे पसरणारे तण) दाट उगवली असून चाकवताची रोपे चार पानांवर आहेत. खुरपणीला मजूर मिळत नाहीत आणि दुकानदाराने २,४-डी सुचवले आहे. मात्र पूर्वेच्या बांधाला लागून शेजाऱ्यांची द्राक्षबाग असून ती सध्या फुलोऱ्यात आहे. गव्हानंतर उन्हाळी मूग घेण्याचा विचार आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (द्राक्ष बागायतदार, दिंडोरी)
दादा, या शेतात २,४-डी कोणत्याही स्वरूपात वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे औषध वनस्पतीतील ऑक्झिन या संजीवकासारखे काम करते. गवतवर्गीय गहू त्याचे बऱ्याच अंशी विघटन करून तग धरतो, पण रुंद पानांच्या वनस्पती वेड्यावाकड्या वाढून मरतात, आणि द्राक्षवेल ही रुंद पानांचीच असून या औषधाला विलक्षण संवेदनशील आहे. २,४-डीच्या एस्टर प्रकाराची वाफ फवारणीनंतरही दूर जाते. त्याच्याच अमाईन किंवा सोडियम क्षार प्रकाराची वाफ फारशी होत नसली, तरी वाऱ्याबरोबर उडालेले बारीक तुषार पुरेसे असतात. नवी पाने पंख्यासारखी आखडतात, शिरा एकमेकींजवळ येतात, कडांना टोकदार दाते दिसतात आणि फुलोऱ्यातील घडांची गळ होते. शेजाऱ्याचे वर्षभराचे पीक त्या घडांवर अवलंबून असते.

उत्तर (कृषी पदवीधर, राहुरी)
वरील मताशी मी सहमत आहे. आपल्याकडे मेटसल्फ्युरॉन मिथाईल २० टक्के हा पर्याय आहे. त्याचे प्रमाण एकरी केवळ ८ ग्रॅम असल्याने ते अंदाजाने न घेता वजन करूनच घ्यावे, आधी थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवावे व मग सुमारे २५० लिटर पाण्यातून एकसारखे फवारावे. पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांत, जमिनीत वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही अशी स्थिती) असताना फवारणी करावी आणि त्यानंतर १० ते १२ दिवस पाणी देऊ नये. ३० व्या दिवशी फवारल्यास कांडी धरण्याच्या वेळचे, म्हणजे ४० ते ४२ व्या दिवसाचे पाणी चुकत नाही. तणांची वाढ लवकर थांबते, पण ती पूर्ण मरायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्यात अधीर होऊन दुसरी फवारणी करू नये. हराळी व लव्हाळा याने जाणार नाहीत, त्यांना खुरपेच लागेल. गव्हात किंवा कडेला मोहरीच्या ओळी असतील तर त्याही जळतील.

याची वाफ होत नसली, तरी तुषार द्राक्षाला घातकच आहेत. त्यामुळे बांधालगतचा पट्टा न फवारता हाताने खुरपावा. उरलेल्या भागात सकाळी वारा शांत असताना, फ्लॅट फॅन (पंख्यासारखा चपटा फवारा देणारे) नोझल पिकाच्या जवळ धरून, कमी दाबाने फवारावे. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. फवारलेला चाकवत भाजीसाठी खुडू नये व जनावरांनाही घालू नये.

उत्तर (नाशिक)
मुगाबाबत एक महत्त्वाची बाब राहिली आहे. विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाच्या) काळ्या जमिनीत मेटसल्फ्युरॉनचे विघटन मंदावते आणि अवशेषांचा कडधान्याला त्रास होऊ शकतो. गहू निघताच शेताच्या तीन-चार ठिकाणांची माती एका कुंडीत व न फवारलेली माती दुसऱ्या कुंडीत घेऊन दोन्हींत मूग टोकावा आणि रोपांची वाढ समान दिसली तरच पेरणी करावी. मूग निश्चित असेल, तर माझा कल कार्फेन्ट्राझोन इथाईल ४० टक्के, एकरी २० ग्रॅम, याकडे राहील. ते जमिनीत लवकर विघटित होते. गव्हाच्या पानांवर ठिपके येतात, पण नवी पाने निरोगी निघतात. मात्र ते स्पर्शजन्य, म्हणजे जिथे पडेल तेवढाच भाग जाळणारे असल्याने चाकवत लहान असतानाच फवारावे लागते आणि चांदवेल मुळापासून पुन्हा फुटते.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचे मनापासून आभार. चांदवेल थोड्याच जागी असल्याने ती खणून काढीन व चाकवतासाठी कार्फेन्ट्राझोन फवारीन. गव्हावर मावा ही रस शोषणारी कीडही दिसते आहे. त्याचे कीटकनाशक यातच मिसळले तर चालेल का?

उत्तर (कृषी पदवीधर, राहुरी)
मिसळू नये. काही कीटकनाशकांमुळे गव्हाची तणनाशक पचवण्याची क्षमता कमी होते व पीक करपते. मावा आधी मोजावा, तो खाणारे ढालकिडे भरपूर असतील तर थांबावे, आणि गरज भासल्यास आठवड्याच्या अंतराने स्वतंत्र फवारणी करावी.