‘उजवे निलय डावीकडे’: हे वाक्य बरोबर आहे का?

विचारणा

जन्मजात हृदयदोष घेऊन मोठ्या झालेल्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत आणतो आहे. इको (ध्वनिलहरींनी केलेली हृदयाची तपासणी), सीटी, एमआरआयचे अहवाल रुग्णाला स्वतः वाचता यावेत, एवढाच हेतू. एका नमुना अहवालात अडलो. त्यात म्हटलंय, ‘उजवे निलय डाव्या बाजूस असून त्यातून महारोहिणी निघते.’ (निलय म्हणजे हृदयातून रक्त बाहेर ढकलणारा कप्पा, महारोहिणी म्हणजे शरीराला रक्त नेणारी मुख्य वाहिनी.) वाचणाऱ्याला ही छपाईची चूक वाटेल. ‘डावीकडचे निलय’ असं सरळ करून टाकू का? दोषाच्या इंग्रजी नावात, ‘कंजेनिटली करेक्टेड ट्रान्सपोझिशन’मध्ये, ‘करेक्टेड’ आहे, तिथे ‘दुरुस्त’ चालेल का? आणि सगळे ‘टू-डी इको’ म्हणतात, ते ‘टू-डी’ ठेवायचं का?

प्रतिसाद

कृपा करून ते वाक्य बदलू नका. ते जसं आहे तसंच बरोबर आहे.

हृदयाच्या बाबतीत ‘उजवे’ हा शब्द जागा सांगत नाही, ओळख सांगतो. निरोगी माणसातसुद्धा उजवे निलय पुरतं उजवीकडे नसतं. ते बरंचसं पुढे, छातीच्या मधल्या हाडामागे असतं. तरी आपण त्याला उजवेच म्हणतो, कारण त्याची घडण वेगळी असते. आतल्या भिंतीवर जाड, खडबडीत स्नायूंच्या दोऱ्या दिसतात आणि पोकळीतून एक स्नायूचा पट्टा आडवा जातो. त्याची झडप हृदयाच्या टोकाकडे किंचित खाली जोडलेली असते. दोन निलयांमधला पडदा डाव्या निलयाच्या बाजूने त्या मानाने गुळगुळीत असतो.

जन्मजात दोषाची इको तपासणी करताना आधी हेच पाहतात. दोन झडपा एका पातळीवर आहेत, की एक खाली आहे? जी खाली, तिच्या मागचं निलय ते उजवे, मग ते छातीत कुठेही असो. त्यानंतर कोणत्या अलिंदातून (रक्त आधी जिथे येतं त्या कप्प्यातून) रक्त त्यात येतं आणि त्यातून कोणती मोठी रोहिणी निघते, हे एकेक करून जुळवतात. ही टप्प्याटप्प्याने वाचायची पद्धत जन्मजात हृदयदोषांचे अभ्यासक रिचर्ड व्हॅन प्राग आणि रॉबर्ट अँडरसन यांच्या कामातून रूढ झाली.

‘डावीकडचे निलय’ असं केलंत, तर वाचणारा त्याला ‘डावे निलय’ समजेल आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुसली जाईल: या माणसाच्या अख्ख्या शरीराला रक्त पुरवण्याचं काम उजवे निलय करतं आहे. ते या कामासाठी घडलेलं नाही. वर्षानुवर्षं तो दाब सोसून ते थकू शकतं, त्याची झडप गळू लागते.

प्रतिसाद

वरच्या उत्तराला जोडून. ‘उजव्या घडणीचे निलय’ असं लिहिलं तर? म्हणजे, ‘उजव्या घडणीचे निलय डाव्या बाजूस आहे.’ चूक वाटणार नाही आणि अर्थही शाबूत राहील.

अलिंद आणि निलय हे शब्द मात्र ठेवा. ‘वरचा कप्पा, खालचा कप्पा’ हे सोपं वाटतं, पण दोन निलयं आजूबाजूला न बसता एकावर एक बसलेली हृदयंही असतात, तिथे ‘वरचा’ फसवेल. अलिंद म्हणजे संस्कृतात घराच्या दारापुढची ओसरी, निलय म्हणजे राहण्याची जागा. रक्त आधी ओसरीत येतं आणि मग घरात, इतकं सांगितलं की लक्षात राहतं. ‘निलय’ आणि ‘नीला’ (हृदयाकडे रक्त आणणारी वाहिनी) यांची गल्लत मात्र नेहमी होते, तेव्हा पहिल्या वापरात दोन्हींचा अर्थ लगेच द्या.

विचारणा करणाऱ्याकडून

‘उजव्या घडणीचे’ फारच उपयोगी पडेल, आभार. पण चित्राचं काय? पत्रकात एमआरआयचं एक आडवं चित्र आहे. त्यात जे डावीकडे दिसतं, ते रुग्णाच्या उजवीकडचं आहे असं मला सांगण्यात आलं.

प्रतिसाद

बरोबर सांगितलं. आडवा छेद पायांकडून वर पाहिल्यासारखा मांडतात, म्हणून रुग्णाची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डावीकडे येते. म्हणजे एकाच पानावर ‘उजवा’ तीन अर्थांनी येतो: घडणीचा, रुग्णाच्या अंगाचा आणि पडद्यावरचा. माझं आग्रहाचं सांगणं आहे, पत्रकात तिन्हींसाठी वेगळे शब्द ठेवा. ‘उजव्या घडणीचे’, ‘शरीराच्या उजव्या बाजूस’, ‘चित्रात डावीकडे’. नुसतं ‘उजवे’ कुठेही नको.

एमआरआय का सांगतात, यावरही दोन ओळी घाला. डाव्या निलयाचा आकार साधारण शंकूसारखा, त्यामुळे इकोत मापं घेऊन सूत्राने त्याचं आकारमान काढता येतं. उजव्याचा आकार वाकडा, डाव्याला बाजूने वेढणारा. तिथे ते सूत्र लागू पडत नाही. एमआरआयमध्ये निलयाचे एकापाठोपाठ एक काप घेतात, प्रत्येक कापावर आतली कड आखतात, क्षेत्रफळाला जाडीने गुणून सगळ्यांची बेरीज करतात. आकार कसाही असला तरी बेरीज चुकत नाही. शिवाय क्ष-किरण नाहीत, त्यामुळे आयुष्यभर पुन्हापुन्हा करता येतो. श्वास रोखण्याच्या सूचना मात्र नीट समजावून लिहा, काप हलले तर कड दिसत नाही.

प्रतिसाद

‘दुरुस्त’ अजिबात नको. कंजेनिटली करेक्टेड ट्रान्सपोझिशनमध्ये कुणी काही दुरुस्त केलेलं नसतं. अलिंदांशी निलयं उलटी जोडली जातात, पुढे निलयांशी रोहिण्याही उलट्या. दोन उलटे मिळून रक्ताची वाट सुलट होते, म्हणून काहींना हे थेट प्रौढपणी कळतं. १८७५ मध्ये विकृतिशास्त्रज्ञ रोकिटान्स्कींनी याचं वर्णन केलं, तेव्हा हृदयावर शस्त्रक्रिया होतच नव्हत्या. मी ‘जन्मतः वाट जुळलेली अदलाबदल’ असं सुचवेन, सोबत मूळ नाव देवनागरीत.

‘दुरुस्त’ वाचून माणूस तपासणीला जायचं सोडतो, हे मला फार जाचतं. लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्यांनाही हेच लागू. फॅलोच्या दोषात (हा आणखी एक जन्मजात हृदयदोष) छिद्र बुजवलं, वाट मोकळी केली, तरी फुप्फुसाकडची झडप गळत राहून उजवे निलय हळूहळू फुगत जातं, आणि माणसाला बराच काळ काहीच जाणवत नाही. तिथे ‘शस्त्रक्रिया झालेला दोष’ लिहा.

‘टू-डी’ ठेवा, लोक तोच शब्द घेऊन येतात. स्वीडनमधल्या लुंडमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये इकोची सुरुवात केली तेव्हा ध्वनीची एकच रेघ मिळायची, पूर्ण छेद नंतर दिसू लागला आणि ‘टू-डी’ नाव चिकटलं. रक्ताचा वेग मोजणारा डॉपलर त्याच तपासणीत असतो, तो एका ओळीत सांगा.

विचारणा करणाऱ्याकडून

शेवटचा एक शब्द. सेनिंग किंवा मस्टर्ड शस्त्रक्रियेत अलिंदांच्या आत रक्त वळवायला जे बसवतात, त्या ‘बॅफल’ला काय म्हणू?

प्रतिसाद

‘आडपडदा’. अहवालात तो गळतो आहे का, की अरुंद झाला आहे, हेच लिहिलेलं असतं. ‘आडपडद्यातून गळती’ आणि ‘आडपडद्याशी वाट अरुंद’ ही दोन्ही वाक्यं त्यात सहज बसतात.