तौक्ते वादळात होडी, इंजिन आणि सुकी मासळी गेली. आधी काय हाती घ्यावं?

हरमलची पोर | २१ मे २०२१

नमस्कार. पाच दिवसांनी आज वीज आली, मोबाइल चार्ज झाला, म्हणून आत्ता लिहितेय.

आमचं घर गोव्यात, पेडणे तालुक्यात हरमलला, किनाऱ्याला लागूनच. आम्ही गाबीत, आजोबांच्या आधीपासून मासेमारीच करतो. वादळाची सूचना वेळेत मिळाली होती. शनिवारी बाबा आणि काकांनी होडी नेहमीपेक्षा बरीच वर ओढली, माडाला दोरांनी जखडली, इंजिन काढून मांगरात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खोपटात ठेवलं. रविवारी, १६ तारखेच्या पहाटे पाणी मांगरात शिरलं आणि ज्या माडाला होडी बांधली होती तोच होडीवर पडला. फायबर हातभर फाटलंय. मांगर कोसळला, इंजिन कितीतरी तास खाऱ्या पाण्यात होतं. दोन जाळी वाळूखालून उकरून काढली, तिसरं सापडलेलंच नाही. माणसं सगळी सुखरूप आहेत.

बाबांनी इंजिन पुसून उन्हात ठेवलंय. उद्या दोरी ओढून चालू होतंय का बघूया म्हणतात. ओढू द्यावी का? होडीची नोंदणी अजून आजोबांच्या नावावर आहे, ते २०१७ साली वारले. पंचनाम्यात त्यावरून अडेल का?

पण मला जास्त काळजी आईची वाटते. मे महिना म्हणजे पुरुमेताचा, पावसाळ्याच्या साठवणीचा. खारवलेले बांगडे, जवळा, सगळं याच महिन्यात वाळवून पावसासाठी विकायचं. आईने दीड महिना राबून केलेली सुकी मासळी चार पिंपांत भरून मांगराच्या मागच्या खोलीत ठेवली होती. सगळी भिजली, कुजली, परवा खड्डा खणून पुरली. तिच्या पावसाळ्याच्या घरखर्चाचे पैसे त्यात होते. नुकसान लिहून घ्यायला आलेल्या माणसाला मी हे सांगितलं, तर त्यांच्याकडच्या कागदावर होडी आहे, जाळं आहे, घर आहे. सुक्या मासळीला रकानाच नाही.

पणजीतल्या माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी मदत गोळा करताहेत. तांदूळ, कपडे पाठवू का, असं विचारताहेत. त्यांना काय सांगू?

बेतीचा मेकॅनिक

ताई, बाबांना दोरी अजिबात ओढू देऊ नका! आत पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो आणि मग इंजिन भंगारातच जातं.

आधी स्पार्क प्लग काढा. इंजिन आडवं करून प्लगच्या भोकांतून पाणी निथळू द्या. मग विहिरीच्या गोड्या पाण्याने आतून बाहेरून भरपूर धुवा. मीठ राहिलं तर ॲल्युमिनियम खातं, आणि ते हवेत जास्त वेगाने खातं. पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवायला सांगितलं असतं, उन्हात नाही. आता धुऊन झालं की भोकांतून इंजिन ऑइल सोडा आणि वरचं चाक हाताने हळूहळू फिरवून बघा. फिरलं तर आशा आहे. अडलं तर जोर करू नका, तसंच ठेवा. टाकीतलं आणि कार्ब्युरेटरमधलं इंधन सगळं ओतून टाका. खालच्या गिअरचं तेल दुधासारखं पांढरं दिसलं तर तिथेही पाणी गेलंय.

फायबरचं एवढंच सांगतो, फाट पूर्ण सुकल्याशिवाय रेझिन लावू नका, चार दिवसांत सुटेल.

तेरेखोलकाठ

बाय, मी महसूल खात्यात नोकरी करून निवृत्त झालो, त्यावरून सांगतो. नोंदणी आजोबांच्या नावावर आहे म्हणून अर्ज थांबवू नकोस. बाबांच्या नावाने अर्ज कर, सोबत मृत्यूचा दाखला, नोंदणीची प्रत आणि बाकीच्या वारसांची सही घेतलेलं संमतिपत्र जोड. नाव बदलण्याचा अर्ज त्याच दिवशी वेगळा दे. एक प्रत मामलेदाराकडे, एक मत्स्योद्योग खात्यात, आणि दोन्हीकडे आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत फिरू नकोस. माड अजून होडीवर असेल तर नोंदणी क्रमांक दिसेल असे फोटो काढ, मगच तो कापा.

रक्कम किती मिळते तेही आधीच ठाऊक असलेलं बरं. केंद्राच्या आपत्ती निधीच्या आत्ताच्या, म्हणजे २०२१ च्या निकषांत होडी पूर्ण गेली तर ९,६०० रुपये, दुरुस्तीला ४,१००. जाळं पूर्ण गेलं तर २,६००, दुरुस्तीला २,१००. त्याच नुकसानीसाठी दुसऱ्या सरकारी योजनेतून मदत घेतली तर ही मिळत नाही. तेव्हा राज्याच्या योजनेत काय मिळतं ते विचारून मगच कुठे सही करायची ते ठरवा.

मासळीला रकाना नाही हे खरं आहे, आणि ते मला नोकरीतही खुपायचं. तरी अर्जाच्या शेवटी ‘इतर नुकसान’ म्हणून वजन आणि बाजारभाव लिहून टाक. पैसे मिळतील असं मी म्हणत नाही, पण कागदावर आलंच नाही तर पुढच्या वेळी रकाना मागायचा कशाच्या आधारावर?

दिवेआगरची सून

गेल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आमच्यावर आलं होतं. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक दिवस अंधार होता. मदत आली, नाही असं नाही. पण कपड्यांचे ढीग शाळेच्या पडवीत भिजत पडले, ते कुणी नेलेच नाहीत. मैत्रिणींना कपडे नको म्हणून स्पष्ट सांग. आम्हाला उपयोगी पडली ती जाड ताडपत्री, पत्रे, सौरदिवे. आमच्या शेजारच्या कोळणीला कुणीतरी नायलॉनचा दोरा आणून दिला होता, ती अजून त्याचं नाव काढते.

आणि सासूबाई सांगायला सांगताहेत, आईला विचार तिला काय हवंय. आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं.

हरमलची पोर | २२ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, प्लग काढले तर पाव लोटाभर पाणी निघालं. बाबा बराच वेळ नुसते बघत बसले. धुऊन, तेल सोडून चाक फिरवलं. फिरतंय, थोडं खरखरतं. काका, वारसांच्या सह्या आज घेतल्या. आत्या काणकोणला असते, कोरोनाच्या संचारबंदीत येता येत नाही, तिचा कागद तेवढा राहिलाय.

काकी, तुमच्या सासूबाईंचं ऐकून आईला विचारलं. मला वाटलं ती धान्य म्हणेल किंवा पत्रे. ती म्हणाली, मला मासळी घ्यायला पैसे पाहिजेत, आणि ते आठवड्याच्या आत पाहिजेत. तिचा हिशेब असा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, ट्रॉलर जेटीला लागणार. रांपण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आणि दहा अश्वशक्तीपर्यंतच्या होड्यांना जाळी टाकायची मुभा असते, पण आमची होडी तर फाटलेली. म्हणजे वाळवण्याजोगी मासळी शापोऱ्याच्या जेटीवर मिळेल ती फक्त ३१ मेपर्यंत. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. मध्ये जी चार उन्हं मिळतील तेवढीच तिची. होडी ऑगस्टपर्यंत दुरुस्त झाली तरी चालेल, जाळी जूनभर घरात बसून विणता येतील. तिच्या मदतीला मात्र तारीख आहे. जूनच्या मध्यावर कुणी पन्नास हजार आणून दिले तरी त्यातून एक सुका बांगडा होणार नाही.

हे मला आजवर सुचलंच नव्हतं. मी होडी, इंजिन, पंचनामा यातच अडकले होते.

संध्याकाळी आमच्या वाड्यावरच्या बायकांना विचारत फिरले. अकरा जणींची सुकी मासळी गेलीय. प्रत्येकीचं वजन वहीत लिहून घेतलं, खाली त्यांची सही किंवा अंगठा. काका, हीच यादी अर्जाला जोडते. मैत्रिणींना कळवलंय की तांदूळ थांबवा, जमलेले पैसे सोमवारपर्यंत या अकरा जणींच्या खात्यावर समान वाटून पाठवा. उरले तर नायलॉनचा दोरा आणि दोन ताडपत्र्या. मिठाची दोन पोती आगरवाड्याहून आणायची सोय झालीय.

आता विकण्याचं राहिलंय. संचारबंदीमुळे बाजार दुपारी एकला बंद होतो आणि आईला पाटी घेऊन घरोघर फिरता येत नाही. म्हापसा, पर्वरी, पणजीत कुणाला खारे बांगडे किंवा जवळा हवा असेल तर इथे निरोप ठेवा. पहिली मासळी मंगळवारी उन्हात पडेल. आई म्हणते, नीट वाळल्याशिवाय देणार नाही, तेव्हा ३० तारखेच्या आधी मागू नका.