ॲप्लिकेशन थेट आयटी घटकाला जोडावे की प्लॅटफॉर्ममार्फत?

नोंदवही_पुणे:
नमस्कार. आमच्या कंपनीतील सुमारे १४० ॲप्लिकेशन्सची यादी एक्सेलमधून एंटरप्राइझ आर्किटेक्चरच्या (कंपनीतील ॲप्लिकेशन्स आणि त्यांखालील तंत्रज्ञान यांचा नकाशा ठेवण्याच्या) साधनात नेण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यांतील निम्म्याहून अधिक ॲप्लिकेशन्स एकाच सामाईक डेटाबेस प्लॅटफॉर्मवर चालतात आणि त्यावर पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या १३ व १६ या दोन्ही आवृत्त्या (साधनाच्या भाषेत आयटी घटक) आहेत. मी ॲप्लिकेशन्स प्लॅटफॉर्मला जोडली आणि प्लॅटफॉर्म दोन्ही आवृत्त्यांना जोडला. मात्र १३ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपल्यामुळे, तिच्याशी काडीचा संबंध नसलेले गेटपासचे ॲप्लिकेशनसुद्धा अहवालात लाल दिसते. प्रत्येक ॲप्लिकेशन थेट आवृत्तीला जोडावे, तर दुव्यांचे जाळे होते. कोणती पद्धत धरावी?

जुना_डीबीए:
आवृत्ती कोणती वापरायची हे कोण ठरवते, ते आधी पाहावे. प्लॅटफॉर्म सांभाळणारी टीम सर्वांसाठी एकदम अपग्रेड करत असेल, तर प्लॅटफॉर्ममार्फतचा दुवा पुरेसा आहे. तुमच्याकडे मात्र १३ वर राहायचे की १६ वर जायचे हे ॲप्लिकेशनची टीम ठरवते असे दिसते, म्हणून मी आवृत्तीचा दुवा थेट देईन. प्लॅटफॉर्मचा दुवाही काढू नये, कारण ती यंत्रणा कोण चालवतो आणि तिचा खर्च कोणाच्या नावे पडतो, हे त्यावरूनच कळते.

रेषा_कमी_काढा:
जुना_डीबीए यांच्या कसोटीशी मी सहमत आहे, उपायाशी नाही. थेट दुवे पहिल्या महिन्यात अचूक असतात आणि वर्षभरात शिळे होतात, कारण अपग्रेड करणारा डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) आर्किटेक्चरच्या साधनात फिरकतसुद्धा नाही. तुम्ही प्लॅटफॉर्म म्हणून केलेली नोंद ही मुळात दोन क्लस्टरची (वेगवेगळ्या चालणाऱ्या डेटाबेस-संचांची) मोट आहे. तिच्याखाली प्रत्येक क्लस्टरची वेगळी नोंद करावी, ॲप्लिकेशन क्लस्टरला जोडावे आणि आवृत्तीचा दुवा केवळ क्लस्टरला द्यावा. उद्या १६ चे १७ झाले, तर एकच दुवा बदलावा लागेल.

आर्किमेट ३.२ मध्ये, म्हणजे असे नकाशे काढण्याच्या प्रमाणित भाषेत, प्लॅटफॉर्म नावाचा स्वतंत्र घटकच नाही. तिथे नोड (सॉफ्टवेअर चालवणारी यंत्रणा) तंत्रज्ञान-सेवा पुरवतो, ती सेवा ॲप्लिकेशनच्या कामी येते आणि या साखळीवरून ॲप्लिकेशन व नोड यांचे नाते आपोआप निघते. असे निघणारे नाते पुन्हा हाताने नोंदवले, की दोन नोंदी एकमेकींशी भांडू लागतात.

जाता जाता एक सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे (Log4j) या जावा लायब्ररीतील सुरक्षा-त्रुटी उघड झाली, तेव्हा आमच्या नकाशात सर्व्हरपर्यंतचे सर्व काही होते, पण लायब्ररी एकही नव्हती. त्यानंतर सगळ्या लायब्ररी नकाशात भरण्याचा प्रयत्न आम्ही केला आणि दोन महिन्यांत सोडून दिला. ते काम बिल्डच्या (सॉफ्टवेअर बांधणीच्या) वेळी आपोआप तयार होणाऱ्या, त्यात वापरलेल्या लायब्ररींच्या घटकसूचीचे आहे.

नोंदवही_पुणे:
दोघांचेही आभार. क्लस्टर वेगळे केल्यावर या प्लॅटफॉर्मवरील ७८ पैकी ११ ॲप्लिकेशन्सच लाल उरली. त्यांतील एक अहवालाचे ॲप्लिकेशन दोन्ही क्लस्टरमधून माहिती वाचते. त्याला दोन दुवे द्यावेत का?

जुना_डीबीए:
स्वतःचा डेटा ज्या क्लस्टरवर ठेवते, तेवढ्याच क्लस्टरचा दुवा द्यावा. दुसरीकडून ते केवळ वाचत असेल, तर त्या डेटाचे मालक असलेल्या ॲप्लिकेशनशी इंटरफेस (माहिती घेण्याचा दुवा) दाखवावा. तो मालक १६ वर गेला, की तुमचा अहवाल बंद पडू शकतो आणि ते क्लस्टरच्या दुव्यावरून कळणार नाही.