'पेट्रन'ला मराठीत काय म्हणायचं? आश्रयदाता, प्रायोजक की अजून काही?

मंडळी, एका शब्दापाशी गाडं अडलंय. जुन्या इंग्लिश क्रिकेटवर लेख लिहितेय, त्यात मुख्य माणूस म्हणजे रिचमंडचा दुसरा ड्यूक चार्ल्स लेनॉक्स (१७०१–१७५०), ससेक्समधल्या गुडवूडचा. इंग्रजीत त्याला सरळ क्रिकेटचा पेट्रन म्हणतात. मी आधी 'प्रायोजक' लिहिलं, पण वाचताना टीशर्टवरचा लोगोच डोळ्यासमोर येतो. 'आश्रयदाता' लिहिलं तर लोडाला टेकून गाणं ऐकणारा राजा वाटतो आणि हा तर स्वतः टीम घेऊन मैदानात उतरायचा. काय लिहू?

प्रतिसाद १

प्रायोजक नकोच, त्यात करार संपला की संबंध संपला असा वास आहे. 'पुरस्कर्ता' पण नको, तो विचाराचा किंवा चळवळीचा असतो. पण ताई, आश्रयदात्याला तुम्ही उगाच लोडाला टेकवून ठेवलंय. आमच्या कोल्हापुरात 'कुस्तीला राजाश्रय' हे शब्द म्हाताऱ्या वस्तादांच्या तोंडी सहज येतात, आणि शाहू महाराज काही लांबून बघणारे नव्हते, स्वतः अंगाला लाल माती लागलेला माणूस, त्यांनीच १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं. राजाश्रय म्हणजे खुराक, राहायची सोय, तालीम, मैदान, सगळं आलं. त्यामुळे माझं मत आश्रयदाता. फारच जड वाटला तर 'पोशिंदा', तो शब्द मला मनापासून आवडतो.

प्रतिसाद २

पोशिंदा छान आहे पण मला वाटतं आपण चुकीच्या टोकाला धरतोय. ड्यूकला काय म्हणायचं हे नंतर बघू, त्याच्या खेळाडूंना काय म्हणायचं ते आधी बघा. थॉमस वेमार्क हा त्या काळातला गाजलेला क्रिकेटर, ड्यूकच्या तबेल्यात मोतद्दार होता. १७३० च्या ऑगस्टमध्ये सर विल्यम गेजच्या टीमशी मॅच ठरली होती, ती पुढे ढकलली कारण वेमार्क आजारी पडला, आणि तेव्हाच्या बातमीत त्याची ओळख काय दिलीये तर 'ड्यूकचा माणूस'. एवढंच. घोड्याला खरारा करणारा एक माणूस अंथरुणाला खिळला म्हणून दोन उमरावांची मॅच थांबते, हे वाचून मी कितीतरी वेळ तिथेच थांबलो होतो.

आता यासाठी मराठीत तयार शब्द पडलाय, गडी. घरचा गडी म्हणजे नोकर, आणि 'तीन गडी बाद' मधला गडी म्हणजे खेळाडू. रोज कॉमेंट्रीत ऐकतो पण लक्षात येत नाही. वेमार्क दोन्ही अर्थांनी ड्यूकचा गडी होता. पुढे लॉर्ड टँकरव्हिलकडचा लंपी स्टीव्हन्स तसाच, नोकरी माळ्याची आणि बॉलिंग अशी की १७७५ साली त्याचा बॉल तीनदा दोन स्टंपांच्या मधून आरपार गेला आणि त्यानंतर तिसरा स्टंप आला. अशा लोकांसाठी 'पदरी असणे' हा वाक्प्रचार वापरा, 'ड्यूकच्या पदरी असलेला'. मग पेट्रनचं अर्धं काम तिथेच होतं.

प्रतिसाद ३

गडी एकदम पटलं. याच ड्यूकच्या बाबतीत अजून एका शब्दावर घसरायला होतं म्हणून लिहितोय. १७२७ साली त्याच्यात आणि ब्रॉड्रिक नावाच्या गृहस्थात मॅचसाठी लेखी करार झाला, बाजूला १२ जण, विकेटमधलं अंतर २३ यार्ड, पैज १२ गिनीची. त्यात खेळाडूंसाठी 'गेमस्टर' शब्द आहे, आणि आजची डिक्शनरी उघडली की 'जुगारी' मिळतो. एका अनुवादात 'दोन्हीकडे बारा जुगारी' असं वाचलंय मी, फार वाईट वाटलं. तेव्हा त्याचा अर्थ साधा खेळणारा असाही होता. आता पैसे लागायचेच, कुणी नाकारत नाही, करार लिहून ठेवायची गरजसुद्धा पैजेमुळेच पडली. पण पैज लावणारे उमराव आणि पळणारा मोतद्दार, यातला जुगारी कोण? त्याच करारात कलम आहे की खेळाडूंपैकी कोणी खेळाबद्दल तोंड उघडून मत दिलं तर त्याला बाहेर काढायचं, फक्त ड्यूक आणि ब्रॉड्रिक यांना हे लागू नाही. गडी शब्दातला नोकर इथे स्पष्ट दिसतो.

आणि जुगार तर या माणसाच्या लग्नातच आहे हो. बापांमधलं जुगाराचं देणं फिटावं म्हणून १७१९ मध्ये हेगला लग्न लावलं, हा १८ चा, सारा कॅडोगन त्याहूनही लहान. लगेच तो युरोप फिरायला निघून गेला. परत आला तेव्हा थिएटरात एक देखणी बाई दिसली म्हणून कोण आहे विचारलं तर स्वतःचीच बायको निघाली, असं सांगतात. पुढे संसार मात्र प्रेमाचा झाला, १७५० ला तो गेला आणि पुढच्या वर्षी ती पण.

प्रतिसाद १

मग माझा पोशिंदा जरा सांभाळून वापरा. १७३१ ला रिचमंड ग्रीनवर ड्यूकची टीम उशिरा पोचली, वेळ संपली, मॅच अर्धवट राहिली तेव्हा चिडलेल्या गर्दीनं ड्यूकचा आणि त्याच्या लोकांचा अपमान केला, काहींचे अंगावरचे शर्ट फाडले. पदरी असण्यात हेही आलं. तरी त्याचा जीव होता खेळावर, गुडवूडजवळच्या स्लिंडन गावची टीम १७४१ मध्ये जवळजवळ अख्ख्या सरे काउंटीशी खेळायला उतरली तेव्हा त्यानं ड्यूक ऑफ न्यूकॅसलला लिहिलेल्या पत्रात तिला 'बिचारं छोटंसं स्लिंडन' म्हटलं, आणि ती जिंकल्यावर पुन्हा पत्र लिहून कळवलं. आपल्या लेकराचं कौतुक करावं तसं वाटतं ते मला.

मूळ धागा लिहिणारी

सगळ्यांचे मनापासून आभार, आता हे वाक्य केलंय: 'रिचमंडचा ड्यूक क्रिकेटचा आश्रयदाता होता आणि मैदानात स्वतःही उतरायचा, त्याच्या पदरी असलेला मोतद्दार वेमार्क हा त्याच्या टीमचा सर्वात नावाजलेला गडी.' पोशिंदा स्लिंडनच्या परिच्छेदात घेतेय, तिथे तो शोभतो. गेमस्टरला 'खेळाडू'च ठेवते आणि पैजेचं वेगळं लिहिते. फक्त एक विचारायचंय, मोतद्दार शब्द आजच्या पोरांना कळेल का, की 'घोडेवाला' करू? घोडेवाला म्हटलं की मला माथेरानच आठवतं.