लिहायला शिकवणारे बाई-सर: तुमचे अनुभव लिहा

शाईपेन:
५ सप्टेंबरला सगळ्याच शिक्षकांचे गोडवे गाऊन होतात. इथे फक्त त्यांच्याबद्दल लिहूया, ज्यांच्यामुळे हातून चार ओळी लिहिल्या गेल्या. सुरुवात मीच करते.

मी अमळनेरची. आठवीत मराठीला बाई होत्या. 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधात निम्म्या वर्गाचे बेडूक एकाच गाइडमधून डरावडराव करत आले होते. बाईंनी रागावणं सोडाच, वह्या परत देताना एकेकीला विचारलं, "तुझ्या घरी पाणी कुठून गळतं गं?" झालं, पुढचा तास सगळ्या पत्रे, कौलं, बादल्या आणि भिजलेल्या गाद्या यांवर लिहीत बसलो. त्यांनीच आम्हाला हस्तलिखित काढायला लावलं. साने गुरुजी आमच्याच गावच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढायचे, हे बाई इतक्यांदा सांगत की नाही म्हणायची सोयच नव्हती!

काना_मात्रा:
आमचे सर कडक. 'गरीबाला' लिहिलं की वही परत. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, दीर्घ इकार किंवा उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, म्हणून 'गरिबाला', 'फुलाला'. प्रेमळ वगैरे अजिबात नव्हते, पण आज ऑफिसातली सगळी मराठी पत्रं माझ्याच टेबलावर येतात.

बालाघाटची:
आमचं गाव बीड जिल्ह्यात. आईवडील ऊसतोडीला. दिवाळी झाली की टोळी निघायची, ती उन्हाळा लागल्यावरच परत. मागे ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून सहावीच्या वर्षी मलाही नेलं. निघायच्या आदल्या दिवशी सर घरी आले. दादांशी, म्हणजे वडिलांशी, बोलले, पण उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतलेली, दादा तरी काय करणार? मग सरांनी माझ्या हातात पोस्टकार्डांचा गठ्ठा दिला. प्रत्येकावर शाळेचा पत्ता आधीच लिहिलेला. म्हणाले, "निबंध नको. तिथं काय दिसतं तेवढं कळव."

कोपीत, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीत, चिमणीच्या उजेडात पहिलं कार्ड लिहिलं: आम्ही खुशाल आहोत, थंडी फार आहे. उत्तर मुकादमाच्या, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराच्या, पत्त्यावर आलं. शुद्धलेखनाबद्दल अक्षर नाही. नुसते प्रश्न: "थंडी फार म्हणजे किती? पहाटे गाडी भरताना आईच्या हाताला काय होतं? बैलांची नावं का नाही लिहिलीस? वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकता का, पेंढी कितीला जाते?" मग काय, कार्ड पुरेना. कडेकडेनं, आडवं-उभं लिहायला लागले. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हे बी लिहायचं असतंय व्हय?"

परत आल्यावर सरांनी ती सगळी कार्डं वर्गात वाचायला लावली. माझा अभ्यास बुडालाच होता, गणितात तर फारच. ते सरांनी शाळा सुटल्यावर बसवून भरून काढलं. आता मी स्वतः जिल्हा परिषद शाळेत शिकवते. ऑक्टोबरात पोस्टात गेले की तिथले काका न विचारता कार्डं मोजायला घेतात.

काना_मात्रा:
ताई, आमच्या सरांबद्दलचं माझं लिहिणं अगदीच कोरडं वाटायला लागलं. बैलांची नावं काय होती?

बालाघाटची:
पाखऱ्या आणि ढवळ्या. ढवळ्या मारका होता. मुकादमालाच एकदा शिंग लावलं, तेही सरांना कळवलं होतं.